तोडगा आणि लिपी : आदिलाबादच्या गोंडी अक्षरांचा भ्रमणध्वनीपर्यंतचा प्रवास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला शुद्धलेखन शिकविले. फळ्यावर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून ते विचारीत, ‘यांत समुद्र कोणता आणि डोंगरातल्या खोलगट जागा कोणत्या?’ एका बारीक आडव्या रेघेने अर्थ कसा पालटतो, हे त्या दिवशी आम्हांला कळले. आज मी जो विषय आपल्यापुढे मांडणार आहे, तो वरकरणी गुरुजींच्या विषयाहून फार दूरचा वाटेल. भ्रमणध्वनीवरील उपयोजने, म्हणजे आपण ज्यांना सर्रास ‘ॲप’ म्हणतो, ती घडविणारी तरुण मंडळी आज्ञावलीचे छोटे छोटे तुकडे एकमेकांना देतात आणि अडचण आली की काही तात्पुरते तोडगे योजतात. त्या तुकड्यांचा आणि तोडग्यांचा इतिहास मला सांगावयाचा आहे. मी संगणकाचा जाणकार नाही. आयुष्य मराठी शिकविण्यात गेले. परंतु या इतिहासाचा एक धागा आपल्या जिल्ह्यातील नारनूर मंडळातल्या गुंजाळा या गावाशी येऊन पोहोचतो आणि दुसरा त्या आडव्या रेघेशी. म्हणून हे धाडस करीत आहे.

१. छापखान्यातील तोडगे

प्रारंभी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. यंत्राला आपली लिपी समजत नाही, म्हणून काहीतरी युक्ती काढावी लागते, हा अनुभव भ्रमणध्वनीबरोबर आलेला नाही. देवनागरी अक्षराला वर मात्रा, खाली उकार, पुढे काना, मागे वेलांटी, आणि या सर्वांवर जोडाक्षरांची गर्दी. रोमन लिपीसाठी घडलेल्या मुद्रणयंत्राला हा पसारा पेलत नव्हता. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहम यांनी अक्षरांचे सुटे भाग पाडून ते जुळविण्याची पद्धत रूढ केली. प्रत्येक मात्रायुक्त अक्षराचा सबंध खिळा पाडावयाचा की अक्षराचे तुकडे करून ते वरखाली जुळवावयाचे, या वादातून ‘अखंड’ आणि ‘डिग्री’ असे दोन प्रकार छापखान्यांत नांदू लागले. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी परिश्रम घेतले. सावरकरांनी ‘अ’ लाच काना-वेलांट्या लावून स्वरांची निराळी चिन्हे वाचविण्याचा पुरस्कार केला. हे सर्व आपापल्या काळातील तोडगेच होते.

मी महाविद्यालयात शिकत असताना एका छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम करीत असे. तेथील वृद्ध जुळाऱ्यांकडे ‘ऱ्य’ चे खिळे कधी पुरत नसत. ते संपले की ते ‘य’ च्या आधी एका बारीक आडव्या रेघेचा खिळा घासूनपुसून बसवीत. तो खिळा ‘र’ नव्हता, नुसती रेघ होती. पण वाचणारा बिनदिक्कत ‘दऱ्या’ असेच वाची. मी एकदा त्यांना म्हणालो, ‘काका, हे खोटे अक्षर झाले.’ ते म्हणाले, ‘मास्तर, वाचणाऱ्याला खरे वाटले की झाले.’ कागदापुरते त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. कागदावरील अक्षर माणूस वाचतो आणि माणूस समजून घेतो. पुढे अक्षर यंत्राच्या पोटात शिरले तेव्हा मात्र हा न्याय पुरेसा ठरला नाही. का ठरला नाही, हेच आजच्या व्याख्यानाचे सूत्र आहे.

२. चित्र आणि क्रमांक

संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. आपण ‘क’ लिहितो तेव्हा तो एक संख्या साठवितो आणि पडद्यावर त्या संख्येपुढे जे चित्र ठेवलेले असेल ते दाखवितो. अर्थात ‘चित्र’ आणि ‘क्रमांक’ या दोन भिन्न वस्तू आहेत. कानपूरच्या आय.आय.टी. मध्ये आणि पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत भारतीय लिप्यांसाठी या दिशेने मोलाचे काम झाले. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने भारतीय लिप्यांची प्रमाण क्रमांकयोजना स्वीकारली. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एकाच यादीत बसविणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला स्थान मिळाले. या यादीत ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे; तो पुण्यात, आदिलाबादेत आणि न्यू जर्सीत एकच आहे.

पण प्रमाण ठरले म्हणजे व्यवहार बदलतो असे नाही. घरोघरचे संगणक आणि छपाईची साधने रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर चालत होती. तेव्हा कल्पक मंडळींनी सोपा तोडगा काढला. रोमन अक्षरांच्या क्रमांकांपुढे देवनागरीची चित्रे ठेवून दिली. यंत्राला वाटे, आपण रोमन अक्षर दाखवीत आहोत. पाहणाऱ्याला दिसे मराठी. जुळारीकाकांच्या रेघेचाच हा नवा अवतार. एकोणीसशे नव्वदीच्या दशकातील असंख्य मराठी पुस्तके, नियतकालिके, लग्नपत्रिका आणि स्मरणिका अशाच अक्षरसंचांत जुळविल्या गेल्या. त्या तोडग्याने मराठी मुद्रण तगविले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

त्याची किंमत पुढे मोजावी लागली, आणि तिची एक पावती माझ्याजवळ आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी या जिल्ह्यातील मराठी बोलीवर मी सुमारे तीनशे शब्दांचा एक संग्रह केला होता. गोंडी, तेलुगू आणि वऱ्हाडी यांच्या संगमावर जे शब्द तरंगत राहतात, ते खेडोपाडी हिंडून टिपले होते. वहीतील मजकूर एका संगणकचालकाकडून जुळवून घेतला आणि वही पुढे पावसाळ्यात भिजून गेली. अलीकडे एका माजी विद्यार्थ्याने तो मजकूर आपल्या भ्रमणध्वनीवर उघडला, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांचा चिवडा दिसला. ज्या अक्षरसंचात तो जुळविला होता तो आता कोणाकडेच सापडेना. चित्रे गेली, आणि क्रमांक तर कधी मराठीचे नव्हतेच. जिल्हाभर कोणत्या चित्राचा कोणता क्रमांक असावा याचा अंदाज बांधीत त्या मुलाने एक छोटी आज्ञावली लिहिली आणि सुमारे दोनशे शब्द परत मिळविले. उरलेले शब्द ज्यांच्या तोंडून ऐकले होते, ती माणसे आता नाहीत. दोष कोणा एकाचा म्हणता येत नाही; तो अक्षरसंच मीच पसंत केला होता.

३. भ्रमणध्वनीवरील पहिली वर्षे

अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला भ्रमणध्वनी २००८ साली विक्रीस आला. प्रारंभीच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट उमटत नसे. २०११ च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ही स्थिती पालटू लागली. मधल्या तीनचार वर्षांत ज्यांना मराठी ॲप करावयाचे होते, त्यांनी काय केले? कोणी सबंध मजकुराचे चित्रच काढून पडद्यावर ठेवले. अशा मजकुरात शोध घेता येत नसे आणि आंधळ्या वाचकाला तो वाचून दाखविता येत नसे. कोणी देवनागरी अक्षरसंच ॲपच्या पोटातच भरून दिला. परंतु अक्षरसंच असून भागत नव्हते. ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने व्यंजनानंतर येते आणि लेखनात व्यंजनाआधी दिसते. यादीतील नियमाप्रमाणे ‘कि’ मध्ये आधी ‘क’ चा क्रमांक आणि मग वेलांटीचा. दाखविताना वेलांटी उचलून पुढे ठेवणे हे प्रणालीचे काम, आणि ते तिला येत नव्हते. तेव्हा तरुणांनी एक आज्ञातुकडा लिहिला. त्याचा आशय असा : मजकूर वाचीत जा, वेलांटी भेटली की मागे वळून तिच्या व्यंजनाचा किंवा जोडाक्षराचा आरंभ शोध, वेलांटी तेथे नेऊन ठेव. हा तुकडा मित्राने मित्राला दिला, त्याने आणखी दोघांना. कोणी त्यात भर घातली, कोणी चूक केली आणि ती चूकही पुढे गेली. पोथ्यांच्या नकला करणाऱ्या लेखकांची परंपरा ज्यांनी अभ्यासली आहे, त्यांना हे चित्र नवे वाटणार नाही.

पुढे काय झाले हे बोधप्रद आहे. प्रणाली सुधारली, वेलांटी कोठे ठेवावी हे तिला स्वतःलाच कळू लागले. पण जुने तुकडे ॲपमध्ये तसेच राहिले. आता तुकडा वेलांटी आधीच उचलून पुढे ठेवी, आणि प्रणालीला ती व्यंजनावाचून एकटीच भेटे. अशा अनाथ वेलांटीपुढे यंत्र ठिपक्यांचे एक वर्तुळ काढते. ते वर्तुळ आपणांपैकी अनेकांनी मराठी मजकुरात पाहिले असेल. कालचा तोडगा आज काढून टाकला नाही म्हणजे तोच रोग होतो, याचे हे उदाहरण.

गुरुजींच्या आडव्या रेघेचीही अशीच कथा आहे. ‘दऱ्या’ मधील ‘ऱ्य’ यादीनुसार दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेल्या ‘ऱ’ चा, म्हणजे २३५३ हा क्रमांक वापरतात. दुसऱ्यात साध्या ‘र’ चा २३५२, मग हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह, ज्याचा क्रमांक ८२०५. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात; यंत्राला ते दोन भिन्न शब्द वाटतात. एका कळफलकावर लिहिलेला ‘ताऱ्यांचा’ हा शब्द दुसऱ्या कळफलकावरून शोधला तर सापडेलच असे नाही. ‘ॲ’ चेही तसेच. या अक्षराला स्वतःचा क्रमांक २००८ साली मिळाला; त्यापूर्वीचे लेखन ‘अ’ वर चंद्र ठेवून झालेले. म्हणून शोधसोय देणाऱ्या जाणत्या ॲपकर्त्याच्या संग्रही एक तुकडा असतो : तुलना करण्यापूर्वी दोन्ही रूपे एकाच रूपात आण. शुद्धलेखनाच्या वहीवर गुरुजी तांबड्या शाईने जे करीत, तेच हा तुकडा करतो.

४. गुंजाळ्याच्या पोथ्या

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार लोक आहेत. एवढी मोठी भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. ती अनेक राज्यांत विखुरली आहे आणि प्रत्येक राज्यात तेथील राजभाषेच्या लिपीत लिहिली जाते.

आदिलाबादेत या लेखनाशी मराठीचा संबंध जुना आहे. हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. किनवट आणि राजुरा हे मराठीबहुल तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत येथून मुंबई राज्यात गेले, तरी सीमेच्या अलीकडे मराठीचा वावर राहिला. १९४० साली जोडेघाट येथे कोमरम भीम धारातीर्थी पडल्यानंतर निजाम सरकारला गोंडांच्या असंतोषाची दखल घ्यावी लागली आणि मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना पाचारण करण्यात आले. मारलवाई येथे १९४३ साली गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षणकेंद्र निघाले. त्या वेळी जे मोजके गोंड साक्षर होते ते मराठीच्या द्वारे साक्षर झालेले होते. म्हणून गोंडी भाषेची पहिली क्रमिक पुस्तके देवनागरीत छापली गेली. याच काळात येथे मुलकी सेवेत असलेले सेतु माधवराव पगडी गोंडी शिकले. त्यांनी तिचे व्याकरण लिहिले आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत ग्रंथ सिद्ध केला. मराठे आणि मोगल यांच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून आपण पगडींना ओळखतो. त्यांचे हे गोंडी कार्य मराठी वाचकांच्या विस्मरणात गेले आहे. गोंडीला देवनागरी वस्त्र देणे हाही एक तोडगाच होता, आणि तो प्रामाणिक होता. कारण त्यात ‘क’ म्हणून ‘क’ च लिहिला जाई. एकाच्या नावावर दुसरे काही खपविले जात नव्हते.

त्या वेळी एक गोष्ट सर्वांच्या दृष्टीआड राहिली होती. गोंडीची स्वतःची लिपी याच जिल्ह्यात, गुंजाळा गावी, पोथ्यांत जपलेली होती. हैदराबाद विद्यापीठाच्या प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासकांना तेथे सुमारे डझनभर हस्तलिखिते मिळाली. त्यांतील काहींचा काळ १७५० च्या सुमाराचा मानला जातो. ती लिपी वाचू शकणारे गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वृद्ध उरले होते. २०१४ च्या आरंभी या लिपीचा प्राथमिक अक्षरसंच लोकांपुढे ठेवण्यात आला आणि उटनूर परिसरातील काही शाळांतून ती शिकविण्याचे प्रयत्न झाले.

तेथे एक अडचण होती. अक्षरसंच झाला, म्हणजे चित्रे झाली. क्रमांक कोठे होते? जागतिक यादीत या लिपीचे नावच नव्हते. तेव्हा दुसऱ्या लिपीचे क्रमांक उसने घेणे किंवा खाजगी वापरासाठी मोकळे सोडलेले क्रमांक वापरणे, एवढेच मार्ग उपलब्ध होते. माझ्या तीनशे शब्दांचे जे झाले तेच या पोथ्यांचे झाले असते. सुदैवाने अंशुमन पांडे यांनी या लिपीचा रीतसर प्रस्ताव युनिकोडपुढे मांडला आणि जून २०१८ मध्ये, अकराव्या आवृत्तीत, ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने ६३ चिन्हे यादीत दाखल झाली. त्यापूर्वी एक वर्ष, २०१७ साली, बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली रचलेल्या दुसऱ्या गोंडी लिपीलाही स्थान मिळाले होते. नारनूर मंडळातील एका खेड्याचे नाव आज जगातील प्रत्येक नव्या संगणकाच्या अक्षरयादीत आहे, ही गोष्ट आपल्या शाळेतील मुलांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

या लिपीचा वर्णक्रम लक्षणीय आहे. तो आपल्यासारखा ‘क’ पासून सुरू होत नाही. य, व, ब, भ, म. मग क, ख, त, थ, ल. पुढे ग, घ, द, ध, न. असा तो पाचपाचांच्या ओळींनी तीस व्यंजनांपर्यंत जातो आणि ‘स’ वर थांबतो. युनिकोडने हाच क्रम राखला. ‘य’ ला ७३०६८ आणि ‘स’ ला ७३०९७. याचा अर्थ असा की यंत्राने गोंडी शब्द केवळ क्रमांकांनुसार लावले तरी ते गुंजाळ्याच्या वृद्धांच्या क्रमाने लागतील. उसने क्रमांक वापरले असते तर गोंडीचा शब्दकोश मुकाट्याने मराठीच्या किंवा रोमनच्या क्रमाने लागला असता आणि एक संपूर्ण विद्यापरंपरा कोणालाही न कळता पुसली गेली असती.

५. पासष्ट हजारांपलीकडील अक्षरे

क्रमांक मिळाले, पण ते फार मोठे होते, आणि येथे तरुण ॲपकर्त्यांची खरी कसोटी लागली. युनिकोडची मूळ कल्पना अशी होती की ६५,५३६ क्रमांकांत जगातील सर्व लिप्या मावतील. जावा ही आज्ञावलीची भाषा १९९५ साली आली तेव्हा तिने एका अक्षरासाठी तेवढ्याच मापाचा कप्पा ठेवला. पुढे यादी वाढली आणि त्या मर्यादेबाहेरच्या अक्षराला दोन कप्पे लागू लागले. देवनागरी मर्यादेच्या आत आहे. गुंजाळा गोंडी बाहेर. म्हणून जुन्या रीतीने लिहिलेला ॲप गोंडीचे एक अक्षर मोजताना दोन म्हणतो. ओळ तोडताना तो एखादे अक्षर मधोमध चिरतो, आणि चिरलेल्या अर्ध्या भागाला काहीच अर्थ नसतो. त्यावर उपाय आहे. कप्पे न मोजता यादीतील क्रमांक मोजावेत. त्यासाठी जावात २००४ पासून निराळ्या सोयी आहेत. तुकडा दोन ओळींचा आहे; तो लिहिण्याची आठवण मात्र गोंडीचा विचार करणाऱ्यालाच होते.

साठवणीचीही तीच कथा. प्रचलित पद्धतीत देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात, गुंजाळा गोंडीला चार. मायएसक्यूएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या विदागार-प्रणालीत ‘यूटीएफ-८’ या नावाने जो प्रकार होता, तो तीन बाइटांवर थांबत असे. चार बाइटांचा प्रकार २०१० साली आला आणि तो नाव घेऊन निवडावा लागे. जुन्या सवयीने मांडलेल्या कोठारात गोंडी शब्द टाकला की तो नाकारला जाई किंवा अर्धवट कापला जाई.

गंमत अशी की या अडचणींचे निवारण बव्हंशी गोंडीसाठी झाले नाही. हसरे, रडके आणि डोळे मिचकावणारे जे पिवळे चेहरे आपली नातवंडे दिवसभर पाठवितात, त्यांचे क्रमांकही याच पासष्ट हजारांपलीकडच्या प्रदेशात आहेत. २०१० साली ते यादीत मोठ्या संख्येने आले. ते तुटू लागले तेव्हा जगभरच्या आज्ञावलीकारांनी हे दोष दुरुस्त केले. सुमारे पावणेतीनशे वर्षांच्या पोथीला जे मिळाले नसते ते हसऱ्या चेहऱ्याने मिळवून दिले. इतिहासात उपकारकर्त्याची निवड आपल्या हाती नसते.

शेवटची अडचण पडद्यावरची. यादीत क्रमांक आहे, पण हातातील उपकरणात चित्र नाही, तर रिकामा चौकोन दिसतो. गुंजाळा गोंडीसाठी ‘नोटो’ या मुक्त अक्षरसंग्रहात संच उपलब्ध आहे. शहाणा ॲपकर्ता प्रथम उपकरणाला विचारतो, हे अक्षर तुझ्याजवळ आहे काय? नसल्यास ॲपसोबत आणलेला संच वापरतो. हाही तोडगाच, पण जुळारीकाकांच्या रेघेहून त्याची जात निराळी आहे. तो क्रमांकाला हात लावीत नाही. उद्या उपकरणात संच आला की तोडगा गळून पडतो आणि मजकूर जसाच्या तसा राहतो.

६. उपसंहार

या सर्व विवेचनातून तोडग्यांचे दोन वर्ग हाती लागतात. पहिल्या वर्गातील तोडगे केवळ रूप सांभाळतात आणि आत काय आहे याची पर्वा करीत नाहीत. ते त्वरित फळ देतात आणि पुढच्या पिढीच्या हाती चिवडा ठेवतात. दुसऱ्या वर्गातील तोडगे आतील सत्य अबाधित ठेवून बाहेरची उणीव तेवढी भरून काढतात. पहिला तोडगा नेहमीच निंद्य असतो असे मी म्हणणार नाही. साधन नसताना माणसाने हात बांधून बसावे काय? परंतु तो तोडगा आहे हे विसरले की अनर्थ होतो.

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज हैदराबाद, पुणे आणि परदेशी याच व्यवसायात आहेत. त्यांपैकी काही येथे बसले आहेत. त्यांना वडीलकीच्या नात्याने तीन विनंत्या करतो. पहिली : कोणतेही अक्षर दुसऱ्याच्या क्रमांकावर बसवू नका, घाई असली तरी नको. दुसरी : तोडगा योजाल तेव्हा त्या तुकड्याशेजारी चार शब्दांत लिहून ठेवा की हा का केला, केव्हा केला आणि कोणती अडचण दूर झाली म्हणजे काढावा. वेलांटीच्या तुकड्याशेजारी कोणी एवढे लिहिले असते तर ती ठिपक्यांची वर्तुळे उगवली नसती. तिसरी विनंती मुख्य आहे. मोजणे, कापणे, साठविणे, दाखविणे या चारही गोष्टी आपला ॲप गुंजाळ्याच्या एका शब्दावर करून पाहा. ज्या दिवशी तो शब्द चारही परीक्षांतून अखंड बाहेर येईल, त्या दिवशी तुमचा ॲप जगातील जवळजवळ कोणत्याही लिपीला योग्य झाला असे समजा.

गुंजाळ्याची लिपी वाचणारे वृद्ध थोडे होते आणि काळ कोणासाठी थांबत नाही. ज्यांनी ती लिपी नव्याने शिकून घेतली त्या मुलांच्या हातांत भ्रमणध्वनी आहे. त्या मुलांनी आपल्या आजोबांचे नाव आजोबांच्या लिपीत लिहिले आणि पलीकडे रिकामे चौकोन उमटले, तर ती मुले पुन्हा लिहिणार नाहीत. तेलुगूत लिहितील, रोमनमध्ये लिहितील. लिपी अशीच मरते. तिच्यावर कोणी बंदी घालावी लागत नाही. प्रत्युत्तरादाखल चौकोन आले की पुरे. माझे शंभर शब्द गेले ते मी परत आणू शकत नाही. त्यांची हळहळ सांगण्यासाठी मी येथे उभा राहिलो नाही. पुढचे शंभर जाऊ नयेत, एवढ्याचसाठी उभा राहिलो.

गुरुजी वही परत देताना एवढेच म्हणत, ‘अक्षर सुंदर नसले तरी चालेल, खरे असावे.’ त्या वाक्याचा संपूर्ण अर्थ कळण्यास मला साठ वर्षे लागली.